वरच्या पट्ट्याची गाडी

सोमवार, ६ ऑक्टोबर

ऑफिसची मोटरसायकल आज घरी आली. टेंपोतून उतरवायला तीन माणसं लागली. ती गेल्यावर मी बसून पाहिलं. दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकतात. एक पाय नीट टेकवायचा तर दुसरा हवेत.

आई दाराशी उभी राहून बघत होती. "किती उंच गं ही," म्हणाली. "शिडी लागेल." मग खाली येऊन गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, आणि फाटलेल्या सीटवरून हात फिरवला.

हे सगळं का अंगावर घेतलं ते लिहून ठेवते, कारण मागे फिरावंसं वाटेल तेव्हा वाचता येईल. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोंदवहीवर बसते. वरच्या पट्ट्यात, डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे, सहा वस्त्या आणि सहा झरे आहेत. नमुने आणणारा माणूस मार्चमध्ये बदलून गेला. तेव्हापासून दर मंगळवारी त्या सहा झऱ्यांपुढे मी "नमुना आला नाही" असं लिहिते, स्वच्छ अक्षरात. गेल्या महिन्यात वरची चार मुलं हगवणीने दवाखान्यात आली. ती वाचली. पण त्या दिवशी मी वही उलटी चाळत गेले, आणि पान न् पान माझ्याच अक्षरातलं होतं.

म्हणून मोठ्या बाईंकडे जाऊन पट्टा मागितला. बाई आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. म्हणाल्या, "गाडी चालवता येते?"

"सपाट रस्त्यावर येते."

"वर सपाट काही नाही. गॅरेज नाही, फोन लागत नाही. गाडीची निगा तुझी तू राखायची. अठ्ठावीस तारखेला एक फेरी कर. पहिली बाटली भरल्यापासून सहा तासांत सगळे नमुने माझ्या टेबलावर आले तर पट्टा तुझा. नाहीतर वही आहेच."

बावीस दिवस आहेत.

बुधवार, ८ ऑक्टोबर

गाडीचं पुस्तक इंग्रजीत आहे, एकशे बारा पानं. मी एकेक वाक्य वाचते आणि आईसाठी आपल्या भाषेत सांगते. तिनेच मागितलं. तिच्याकडे शाळेचे गणवेश शिवायला आलेत, आणि म्हणते, कानाला काही असलं की हात लवकर चालतो.

पहिलीपासून आमचं असंच आहे. घरात शाळेत गेलेलं दुसरं कोणी नाही. मी मोठ्याने वाचायचे, ती मशीनवर शिवायची, मी थांबले की न बघता म्हणायची, "पुढे?" मला वाटतं मी पदवीपर्यंत पोचले ती त्या "पुढे?"मुळेच. पण इंजिन ऑइलच्या प्रकरणातसुद्धा तिने "पुढे?" म्हणावं याचं आज हसू आलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

एअर फिल्टर काढला. पेटीत उंदराने घर केलं होतं. मी किंचाळले नाही, पण पाना हातातून पडला. आईने कागदात गुंडाळून ते घर कुंपणापलीकडे नेऊन ठेवलं, फेकलं नाही.

फिल्टर स्पंजचा असतो. रॉकेलमध्ये धुवायचा, वाळवायचा, मग तेल चोळायचं. वरच्या धुळीत दर दोन फेऱ्यांनी. मी पिळायला घेतला तर आई म्हणाली, "पिळू नकोस, फाटेल. तळव्यात धरून दाब." पुस्तकातही तसंच होतं, पुढच्या पानावर.

रविवार, १२ ऑक्टोबर

मामाच्या पंक्चरच्या दुकानात सकाळपासून होते. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. टायर उतरवायचा, ट्यूब काढायची, घालायची, टायर चढवायचा. चार वेळा केलं. तीन वेळा लोखंडी पट्टीत ट्यूब चिमटली आणि नवं भोक पडलं.

"भाचीबाई," मामा म्हणाला, "एक पंक्चर काढायला आलीस आणि तीन करून चाललीस. माझा धंदा तूच चालवणार."

"पट्टी आत किती घालायची ते नेमकं सांग ना. किती सेंटिमीटर?"

"सेंटिमीटर काय विचारतेस, हाताला कळतं."

"माझ्या हाताला नाही कळत."

"तुझा हात घाबरलेला आहे. टायरला कळतं ते. कुत्र्यासारखं."

चौथ्या वेळी जमलं. सत्तेचाळीस मिनिटं लागली. मामाला नऊ लागतात. येताना त्याने हवेबद्दल सांगितलं: दगडांवर हवा थोडी कमी ठेवायची म्हणजे टायर दगडाला धरतो, पण फार कमी केली तर ट्यूब चिरडते. "थोडी म्हणजे किती?" विचारलं तर त्याने कपाळावर हात मारून घेतला आणि मग आकडा सांगितला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

खडबडीत वाटेवर उभं राहून चालवायचं असतं, म्हणून हँडल जरा पुढे फिरवलं आणि ब्रेक-क्लचची लिव्हरं खाली केली, उभ्याने मनगट सरळ राहील इतकी. मामा म्हणाला, लिव्हरांचे बोल्ट पुरते आवळू नकोस. पडलीस तर लिव्हर फिरलं पाहिजे, मोडता कामा नये.

मी तसं केलं. मग अंघोळ करून, कपडे बदलून, परत शेडमध्ये गेले आणि आवळले. ढिला बोल्ट असताना माझ्याने झोपवणार नाही. हे मामाला सांगितलेलं नाही.

आज ऑफिसात पुन्हा सहा वेळा "नमुना आला नाही".

बुधवार, १५ ऑक्टोबर

आज मागचा शॉकअप जुळवला. मी बसल्यावर गाडीचा मागचा भाग किती खाली बसतो ते मोजायचं आणि त्याप्रमाणे स्प्रिंग घट्ट किंवा सैल करायची. एकटीने होत नाही. आईने तिची मापाची टेप आणली. ऑफिसची पेटी पाण्याच्या बाटल्यांनी भरून मागे बांधली, मी हेल्मेट-बूट घालून चढले, आईने चाकाच्या मधल्या नटापासून सीटखालच्या खुणेपर्यंत माप घेतलं. "ताठ बस. श्वास सोड," म्हणाली, गिऱ्हाइकाला म्हणते तसं. खुणा शिवणाच्या खडूने केल्या.

मग बसलेली गाडी मला बाहेरून बघायची होती, म्हणून तिला म्हटलं, तू बस. तिने दोनदा हात पुसले. मी धरलं, ती चढली. माप अर्ध्या मिनिटात झालं. उतर म्हटलं तर म्हणाली, "थांब, आरशात काय दिसतं ते बघू दे."

"काय दिसतं?"

"आपलं मागचं दार."

एवढ्यासाठी बराच वेळ बसली. तिचे गुडघे हल्ली दुखतात, चढउतार नको वाटत असेल.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

चेन झाली. हे काम मनासारखं झालं. या गाडीला मधला स्टँड नाही, म्हणून इंजिनखाली लाकडी खोका सरकवून मागचं चाक अधांतरी केलं. चाक हाताने फिरवता आलं की चेन साफ करायला, तेल द्यायला सोपं. मग तसंच माप घेतलं. चेन बोटाने वर दाबायची, खाली ओढायची. हालचाल पस्तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर हवी. मी पस्तीस ठेवली, मिलिमीटर इकडेतिकडे नाही. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा तीनदा जुळवल्या.

आई दारात उभी होती. "ते पान परत वाचतेस का?" म्हणाली.

"वाचलंय."

"एकदा वाच की."

"आई, तुला त्यातलं काय कळतं?"

मी असं म्हणाले. जसं म्हणाले तसंच लिहिते. ती आत गेली आणि मशीन सुरू झालं.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

संध्याकाळी पुस्तक उघडून बसले. आईने "पुढे?" म्हटलं नाही. मी मनातल्या मनात वाचलं. जेवताना मीठ, पाणी, ताट एवढंच बोलणं झालं. माफी मागायला तोंड उघडलं आणि विचारलं काय, तर बाह्यांची पिको झाली का.

सीट कोणीतरी शिवली आहे, दुहेरी टीप, जाड दोरा. कोणीतरी म्हणजे काय, आईच. कालच्या आधी की नंतर, ते कळत नाही. नंतर असेल तर मला फार वाईट वाटेल.

शनिवार, १८ ऑक्टोबर

जुन्या खाणीत सराव. उभी राहून चालवताना छान वाटलं, साधारण चाळीस सेकंद. मग चढावर थांबले, पाय टेकायला गेले आणि जिथे पाय टेकायचा तिथे जमीनच नव्हती. जागच्या जागी आडवी झाले. मला काही लागलं नाही. क्लचचं लिव्हर मधोमध मोडलं.

ढिलं असतं तर फिरलं असतं.

मामाने नवं बसवायला दिलं. ओरडला नाही. म्हणाला, "किती आवळलं होतंस? शपथेवर सांग." मी सांगितलं. "अगं, गाडीलापण पडता आलं पाहिजे," म्हणाला. या वेळी मनगटाच्या जोराने फिरेल एवढंच ठेवलं. झोप नाही आली तर नाही.

येताना मागून घरघर येत होती. खड्ड्यात गाडी धपकन आपटते. वाळू गेली असेल.

सोमवार, २० ऑक्टोबर

घरघर वाढली आहे. मामा म्हणाला, चाकाचं बेअरिंग गेलं असणार, उघडून बघ. उद्या सुट्टी टाकली आहे. आठ दिवस राहिले, जीव टांगणीला लागला आहे.

आज घरी आले तेव्हा इंजिन कोमट होतं. उन्हाने असेल, पण शेड सावलीत आहे. आणि दोन्ही आरसे खाली वळले होते. ते वाऱ्याने होतं असं दिसतं. आरशांचे नट थोडे आवळले (थोडेच).

मंगळवार, २१ ऑक्टोबर

सकाळी पाने मांडून चाक काढायला बसले. आई चहा घेऊन आली आणि कप ठेवून गेली नाही.

"चाक काढू नकोस," ती म्हणाली.

"का?"

"रागावणार नसशील तर सांगते."

मी मान खाली घातली. ती बोलायला लागली, शिवताना टाका मोजावा तशा आवाजात. "चेनचा ताण तपासणे. गाडी सपाट जागी साइड स्टँडवर उभी करावी. दोन्ही चाके जमिनीवर असावीत. गिअर न्यूट्रलमध्ये. चाक अधांतरी असताना माप घेऊ नये. स्वार बसला की मागचे चाक वर सरकते व चेन ताणली जाते. फार ताणलेली चेन बेअरिंगला मारक ठरते. आकृती क्रमांक सात पाहा." मग जरा थांबून म्हणाली, "आकृती मी बघितलेली नाही. तू दाखवली नव्हतीस."

पुस्तक उघडलं. शब्दाला शब्द तेच होतं. "चाक अधांतरी असताना" हे वाक्य मी तिला स्वतः सांगितलं होतं आठ तारखेला, आणि विसरले होते. मला वाटलं, वाचलेलं आहे, हवं तेव्हा परत वाचता येईल. तिला परत वाचता येत नाही, म्हणून ती एकदाच ऐकते.

खोका काढला. साइड स्टँडवर मोजलं: सतरा मिलिमीटर. मी बसले तर चेन तारेसारखी. धपके, घरघर, सगळं तिथूनच.

"तू त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"तू म्हणालीस ना, काय कळतं."

मग मी मोठा पाना तिच्या हातात दिला. माफीचं वाक्य शुक्रवारपासून तयार होतं, पण ते आलंच नाही, पाना पुढे केला गेला. "मागचा नट तू ढिला कर," म्हटलं. तिने दोन्ही हातांनी जोर लावला, नट कुरकुरला आणि सुटला. ती इतकी हसली की मला नवल वाटलं. चाळीसवर आणलं, दोघींनी मोजलं. चक्कर मारून आले, घरघर नाही. बेअरिंग वाचलं.

नंतर तिला आकृती सात दाखवली. मग तिने सहा आणि आठही मागितल्या. माझी किती काळजी करते ती.

शनिवार, २५ ऑक्टोबर

खाणीत दोनदा पडले. दोन्ही वेळा लिव्हर फिरलं, मोडलं नाही. दगडाने हाणून सरळ केलं आणि निघाले. पंक्चर अठ्ठावीस मिनिटांत. मामा म्हणाला, "आता माझ्या दुकानाची किल्ली लपवली पाहिजे." हे कौतुक आहे असं आई म्हणते.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

फेरी झाली.

बाईंची जीप डांबरी रस्ता संपतो तिथे थांबली. त्यांनी घड्याळ बघितलं, थर्मासमधला चहा ओतून घेतला आणि म्हणाल्या, "जा."

दुसऱ्या झऱ्याच्या वाटेवर ओंजळीएवढे सुटे दगड होते, उतारावर. मी उभी राहिले, हँडल सैल धरलं, मागचं चाक स्वतःच्या मनाने नाचत होतं आणि मी त्याला नाचू दिलं. मला हे जमेल असं कधी वाटलं नव्हतं. चौथ्याजवळ ओढ्यात पडले. पेटी वर राहिली, आतला बर्फ थोडा सांडला पण बाटल्या शाबूत. गाडी एकटीने उचलायला तीन प्रयत्न लागले. रडले थोडी, मिनिटभर. तेही वेळेत धरलं आहे.

झऱ्यांवर बायका होत्या. कोणी विचारलं नाही, मी कोण. तिसऱ्या झऱ्यावर एक म्हातारी दुरून बघत होती. मी बाटली भरून, झाकण लावून, चिठ्ठी चिकटवून निघेपर्यंत बघत राहिली.

बाईंच्या टेबलावर पेटी ठेवली तेव्हा पाच तास एकेचाळीस मिनिटं झाली होती. त्यांनी सहाही झाकणं तपासली, माझ्या गुडघ्यावरचा चिखल बघितला.

"कुठे पडलीस?"

"चौथ्याजवळ. ओढ्यात."

"आधीचा तिथेच पडायचा. पट्टा तुझा."

आईला सांगितलं तर तिने आधी विचारलं, "गाडीला काही झालं नाही ना?"

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज नोंदवहीत सहा झऱ्यांपुढे सहा निकाल लिहिले. सात महिन्यांत पहिल्यांदा. पाच ठीक. तिसरा: "पिण्यास अयोग्य."

लिहून हात थांबला. चांगली बातमी आणायला मी गेले नव्हते हे माहीत होतं, तरी काहीतरी वेगळं वाटायला हवं होतं.

बाई म्हणाल्या, "कागद पाठवला तर आठ दिवसांनी पोचेल."

"मी उद्या जाते."

"औषधाची पावडर न्यावी लागेल, आणि लोकांना समजावावं लागेल. ते तुला येतं का?"

मी खरं ते सांगितलं, की नाही येत. परक्या माणसांपुढे मला बोलायला जमत नाही. घरी येऊन आईला हेच सांगितलं. ती बटणं लावत होती. दोरा तोडून म्हणाली, "मी येते. बोलायचं मी बघते."

बाईंना विचारायला परत गेले. ऑफिसच्या गाडीवर घरचं माणूस चालतं का, असं कुठेच लिहिलेलं दिसलं नाही, तरी विचारलेलं बरं. बाई म्हणाल्या, "चालत नाही असं असेल तर मी ते पान वाचलेलं नाही."

दोघींच्या वजनाला स्प्रिंग चार खाचा घट्ट केली. आईनेच फिरवली. मामाचं जुनं हेल्मेट तिला जरा मोठं होतं, तिने आतून अस्तर शिवून बेतलं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

आई मागे बसून एकदाही "हळू" म्हणाली नाही. ओढ्यापाशी मी तिला उतरून चालत पलीकडे जा म्हटलं, तर म्हणाली, "का? तू नीट नेशील." नेलं.

तिसऱ्या झऱ्यावर बायका जमल्या. आईने काही समजावलं नाही, आधी एका बाईच्या मुलाचा उसवलेला खिसा बघितला आणि सुई काढली. ती टाके घालत बोलत होती आणि बायका वाकून ऐकत होत्या: पाणी उकळायचं, पावडर इतकी, इतका वेळ थांबायचं, गुरं वरच्या बाजूला बांधायची नाहीत. मी तिला वाटेत एकदा सांगितलं होतं. एक शब्द चुकला नाही.

मग ती म्हातारी पुढे आली. आईकडे न बघता माझ्याकडे. "पाणी वाईट आहे हे सांगायला आलीस. माझा नातू महिन्यापूर्वी दवाखान्यात होता. तेव्हा कुठे होतात सगळे?"

मी आईकडे बघितलं. आई काही बोलेल म्हणून थांबले. ती नुसती टाका ओढत राहिली.

"नमुना आला नाही, असं मी लिहीत होते," मी म्हटलं. "सात महिने. दर मंगळवारी. माझ्या हाताने."

"तू लिहीत होतीस?"

"हो."

"नुसतं लिहीत होतीस?"

"हो."

मला वाटलं, आता जा म्हणेल. तिने माझी चिखलाची गाडी बघितली, माझे बूट बघितले.

"आता कोण येणार?"

"मी."

"कोणत्या वारी?"

"मंगळवारी."

"लवकर ये," ती म्हणाली. "दहानंतर आम्ही शेतावर असतो. आणि पाण्याचं काय ते मला सांगायचं, आधी मला."

मी हो म्हटलं. ते वहीतही लिहून घेतलं: तिसरा झरा, दहाच्या आत, आजींना आधी.

घरी पोचल्यावर मी चेनला तेल दिलं, फिल्टर काढून धुतला. आई हेल्मेट काढायचं विसरून शेजारी उभी होती. सीटवरची धूळ हाताने झटकत म्हणाली, "मंगळवारी मला काही शिलाई नाही."

आत्ता कॅलेंडर बघितलं. मंगळवारच्या चौकटीत तिनेच खडूची खूण करून ठेवली आहे, शाळेचे बावीस फ्रॉक त्याच दिवशी द्यायचे आहेत. दमल्यामुळे तिचा घोळ झाला असेल. सकाळी आठवण करून देते.